तीन किलो तेलातले चिमूटभर लोखंड

गाडीच्या इंजिनातले तेल तपासून प्रयोगशाळेकडून आलेल्या पहिल्या कागदावर लोखंडासमोर ६२ पीपीएम हा आकडा होता आणि त्याच्या चौकटीत इशाऱ्याचा पिवळा रंग भरलेला होता. गोव्यातल्या म्हार्दोळच्या घराच्या सोप्यावर मी तो कागद काकांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ नेला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि परत करत विचारले, "कागद कितें म्हणटा?" आमच्या घरात बोलणे कोकणीत आणि लिहिणे मराठीत अशी जुनी वाटणी आहे, त्यामुळे प्रश्न कोकणीत आला आणि त्या रात्री गाडीच्या वहीत त्यांनी केलेली नोंद मराठीत उतरली : "तेल तपासणी. लोखंड ६२. अर्थ पुतण्यास विचारणे." ही नोंद मे २०२२ची आहे. मी फोंड्याला उच्च माध्यमिकच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो, तेव्हा अर्थ मला लगेच सांगता येईल असे काकांना वाटले असावे, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते.

गाडी १९८९ची प्रीमियर पद्मिनी. काका तिला आजही फियाट म्हणतात आणि त्यात चूक काही नाही, कारण कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मुळात फियाट ११००चाच अवतार होती. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, पुशरॉडने हलणारे व्हॉल्व्ह, ओतीव लोखंडाचा ब्लॉक. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की मागून निळसर धूर यायचा आणि थोड्या वेळाने थांबायचा. तेल तपासण्याचा खटाटोप सुरू झाला तो या धुरामुळे. ज्या गॅरेजमध्ये गाडी जात असे तेथे 'हाफ इंजिन करून घ्या' असा सल्ला मिळाला होता, म्हणजे हेड उतरवायचे, पिस्टन बाहेर काढायचे, रिंगा आणि बेअरिंगे बदलायची. खर्चापेक्षा काकांना भीती वेगळीच होती. एकदा उघडलेले इंजिन पुन्हा पहिल्यासारखे बसत नाही, असा त्यांचा अनुभव होता. उघडण्याआधी आत डोकावता येते का, या विचाराने मी तेलाची बाटली राज्याबाहेरच्या एका प्रयोगशाळेकडे पाठवली.

पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. तेलाच्या बाबतीत त्याचा हिशोब सोपा आहे : एक किलो तेलात एक मिलिग्रॅम. पद्मिनीच्या संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यात, साधारण तीन किलो तेल असते असे धरले, तर ६२ पीपीएम म्हणजे सगळ्या तेलात मिळून १८६ मिलिग्रॅम लोखंड. स्वयंपाकघरात चिमटीत येणाऱ्या मिठाहूनही कमी. हा हिशोब ऐकून काका हसले. "इतक्याशा लोखंडासाठी तू कागद मागवलास?" या अर्थाचे ते काहीतरी बोलले, आणि मला उत्तर देता आले नाही. ते चिमूटभर लोखंड थोडे की फार, हे आकड्यात लिहिलेले नसतेच.

प्रयोगशाळा नेमके काय करते, ते आधी सांगितलेले बरे. बारावीच्या मुलांना आम्ही ज्वाला परीक्षेत सोडियमची पिवळी आणि तांब्याची हिरवट ज्योत दाखवतो, त्याचेच हे फार पुढे गेलेले रूप आहे. तेलाचा बारीक फवारा हजारो अंश तापलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मात सोडतात. त्यातली प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश फेकते आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून प्रमाण कळते. वर्णपटाच्या साहाय्याने इंजिनाची झीज मोजण्याची कल्पना मोटारींसाठी निघालेली नव्हती. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने १९४६च्या सुमारास आपल्या डिझेल इंजिनांच्या तेलावर हा प्रयोग सुरू केला आणि १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाने तो विमानांच्या इंजिनांसाठी उचलला. या दोन्ही ठिकाणी एकाच जातीची पुष्कळ इंजिने होती, त्यांच्या कामाच्या तासांची नोंद होती आणि एकाच इंजिनाचे नमुने पुन्हा पुन्हा घेतले जात होते. म्हार्दोळच्या एकट्या पद्मिनीपाशी यातले काहीच नव्हते.

तेल तपासणीला रक्ततपासणीची उपमा सगळेच देतात. मला ती पुरती पटत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनची मर्यादा असंख्य निरोगी माणसांच्या रक्तावरून ठरलेली असते. पिवळा रंग भरणाऱ्या संगणकाकडे निरोगी पद्मिनींची अशी यादी असणे शक्यच नव्हते. त्याने आमचा आकडा ताडून पाहिला तो आजच्या, इंधन फवारणाऱ्या, घट्ट जुळणीच्या पेट्रोल गाड्यांसाठी आखलेल्या मर्यादेशी. शिवाय या यंत्राची एक मर्यादा आहे, जी कागदावर लिहिलेली नसते. काही मायक्रॉनपेक्षा मोठे कण त्या प्लाझ्मात पुरते जळत नाहीत आणि म्हणून मोजलेही जात नाहीत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोळ्यांना दिसेल एवढा धातूचा कीस तेलात तरंगत असला तरी कागदावर तो उमटेलच असे नाही. काका वर्षानुवर्षे डिपस्टिकवरचे, म्हणजे तेलाची पातळी पाहायच्या पट्टीवरचे, तेल धुतलेल्या धोतराच्या तुकड्यावर पुसून, उन्हात धरून, त्यात काही चकाकते का ते पाहत आले आहेत. त्या सवयीला मी मनातल्या मनात हसत असे. ती प्रयोगशाळेला न दिसणारी बाजू पाहत होती, हे मला हा विषय वाचायला लागल्यावर कळले.

लोखंडाकडे परत येतो. कागदावर आणखी आकडे होते : क्रोमियम ३, ॲल्युमिनियम ९, तांबे ११, शिसे ६, कथील १, सिलिकॉन ३४, सोडियम ६. लोखंड सिलिंडर, क्रँकशाफ्ट, कॅम, टॅपेट अशा कुठूनही येऊ शकते. क्रोमियम सहसा रिंगांवरून, ॲल्युमिनियम पिस्टनवरून, शिसे आणि तांबे बेअरिंगांवरून. गॅरेजचे म्हणणे खरे असते, म्हणजे रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना खात असते, तर लोखंडाबरोबर क्रोमियमही चढलेले दिसायला हवे होते. ते ३ वर होते. तेव्हा लोखंड एकटेच वर का, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेच्या कागदाऐवजी काकांच्या वहीत सापडले.

वहीप्रमाणे ते तेल मार्च २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात भरले होते. पुढचे सगळ्यांनाच ठाऊक आहे. दोन वर्षांहून अधिक काळ ते तेल गाडीत राहिले आणि त्यात गाडी चालली केवळ २,३०० किलोमीटर. दर हजार किलोमीटरला हिशोब मांडला तर लोखंड २७ पीपीएम येते, आणि ते तर आणखीनच वाईट दिसते. पण ही झीज धावण्याने झालेली नव्हती, उभे राहण्याने झाली होती. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दमट हवेत बंद इंजिनाच्या सिलिंडरवरचे तेल ओघळून गेले की उघड्या पडलेल्या ओतीव लोखंडावर गंजाची अगदी पातळ साय धरते, आणि पुढच्या वेळी गाडी सुरू झाली की रिंगा ती साय खरवडून तेलात सोडतात. मोजणीला गंज आणि झीज यांतला फरक कळत नाही. तिच्या लेखी दोन्ही लोखंडच.

त्यात काकांचे प्रवास. वहीत एकेक नोंद आहे : मंगेशी आणि परत, बाजार, म्हार्दोळहून फोंडा आठ किलोमीटर, दवाखाना, पुन्हा घर. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. हे गणित मी मुलांना समीकरण मांडून करून दाखवतो आणि दरवर्षी अर्ध्या वर्गाचा त्यावर विश्वास बसत नाही. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते, पण थोडे रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरते. तेल पुरेसे तापले, म्हणजे अर्धाएक तास सलग गाडी चालली, तर ते पाणी उडून जाते. आठ किलोमीटरच्या फेरीत तेल तापायला लागते न लागते तोच गाडी घरी पोचते. तेल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढुरका थर जमलेला काकांनी पाहिला होता आणि दर वेळी तो पुसून टाकला होता. कागदावर आम्ल पचवण्याची तेलाची उरलेली शक्ती, म्हणजे टीबीएन, २.९ होती, नव्या तेलात ती सात-आठच्या घरात असते. तेल किलोमीटरांनी थकलेले नव्हते, महिन्यांनी थकले होते.

सिलिकॉनचे प्रकरण मला सगळ्यांत रोचक वाटते, कारण तेथे आपल्या मातीचा संबंध येतो. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ. हवेच्या फिल्टरमधून किंवा त्याच्या बाजूच्या फटीतून आत गेलेली वाळूची बारीक भुकटी, जी रिंगांना आणि सिलिंडरला कानशीसारखी घासते. सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियमही चढले तर धुळीचा संशय बळावतो, कारण मातीत दोन्ही असतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून धूळ ओळखण्याचे ठोकताळे या विषयाच्या पुस्तकांत दिलेले असतात. पण ते ठोकताळे जिथल्या मातीवरून बसवले तिथली माती आपल्यासारखी नाही. आपला जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो, तो तयारच होतो मुळी पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेल्यामुळे. मागे उरतात ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हा दगड पाहून १८०७ मध्ये त्याला लॅटराइट हे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. आता अशा तांबड्या मातीची धूळ इंजिनात गेली तर काय होईल? सिलिकॉन मानाने कमी चढेल, आणि ॲल्युमिनियम व लोखंड जास्त. म्हणजे धुळीतलेच लोखंड झीज म्हणून मोजले जाईल आणि धुळीतलेच ॲल्युमिनियम पिस्टनच्या नावावर पडेल. आमच्या कागदावरच्या ६२ पैकी काही भाग इंजिनाचा नसून रस्त्याचा असावा, असे मला वाटते. हवेचा फिल्टर काढून पाहिला तेव्हा त्याची रबरी कड एका बाजूला आक्रसलेली होती आणि आतल्या डब्याला चिऱ्याच्या रंगाचा हात लागत होता. खाणपट्ट्यात, सांगे-कुडचडेच्या किंवा डिचोलीच्या बाजूला, जे लोक ट्रक चालवत, त्यांच्या तेलात हा घोळ किती मोठा असेल याचा विचार मी पुढे बरेच दिवस करत होतो. लोहखनिजाची धूळ म्हणजे तर मुख्यतः लोखंडाचे ऑक्साइडच.

पण माझी खरी फजिती झाली ती दाटपणाच्या आकड्याने. तेल १०० अंशाला १३.४ सेंटीस्टोक होते. काका नेहमी २०डब्ल्यू-५० वापरतात, आणि ५० ग्रेडचे तेल १०० अंशाला किमान १६.३ असले पाहिजे. म्हणजे तेल पातळ झाले. म्हणजे त्यात पेट्रोल उतरले. म्हणजे कार्ब्युरेटर तरी वाहतो आहे किंवा इंजिनावरचा पेट्रोल पंप तरी. मी ही मालिका इतक्या आत्मविश्वासाने मांडली की काकांनी कार्ब्युरेटर उतरवण्याची तयारीही केली. तेवढ्यात माझे लक्ष त्याच कागदावरच्या दुसऱ्या ओळीकडे गेले. तेलाची वाफ पेट घेण्याचे तापमान, फ्लॅश पॉइंट, २०८ अंश होते. तेलात पेट्रोल असते तर हा आकडा धाडकन खाली आला असता, कारण पेट्रोलची वाफ घरातल्या साध्या तापमानालाही पेटते. दोन ओळी एकमेकींच्या विरुद्ध साक्ष देत होत्या. उलगडा वहीने केला नाही, कारण वहीत '२०-५०' असेच लिहिले होते. तो केला गॅरेजमधल्या पोराने. त्या मार्चमध्ये ५० ग्रेडचे डबे संपले होते आणि बॅरलमधले २०डब्ल्यू-४० भरले गेले होते. ४० ग्रेडची हद्द १२.५ पासून १६.३ च्या आतपर्यंत. १३.४ हा आकडा तिच्या पोटात आरामात बसतो. तेल पातळ झालेलेच नव्हते. ते आम्ही समजत होतो ते तेलच नव्हते. तेव्हापासून तेल बदलताना नव्या डब्यातले थोडे तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवायचे असा नियम मी केला. कोऱ्या तेलाचा आकडा हाताशी नसेल, तर वापरलेल्या तेलाचा आकडा कशाशी ताडायचा?

सोडियमच्या बाबतीत मी फसता फसता वाचलो. रेडिएटरमधले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, हेड गॅस्केटमधून, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधला सांधा बंद करणाऱ्या पट्टीतून, तेलात झिरपू लागले की सोडियम किंवा पोटॅशियम चढते, कारण कूलंटमधल्या गंजरोधक क्षारांत ते असतात. आमचे सोडियम ६, म्हणजे नगण्य. तेव्हा गॅस्केट ठणठणीत, असे मी जाहीर करणार होतो. पण काकांनी तोवरच्या तेहतीस वर्षांत रेडिएटरमध्ये घरच्या विहिरीच्या पाण्याशिवाय काहीही घातलेले नव्हते. ज्या पाण्यात खुणेचा क्षारच नाही, ते तेलात उतरले तरी खूण कुठून सोडणार? शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेत तापलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकून पाहिला. पाणी असेल तर थेंब फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो. आमचा थेंब किंचित तडतडून गप्प झाला. त्या छोट्या फेऱ्यांचे जमलेले पाणी असावे एवढाच. गाडी मी स्वतः बोरीच्या पुलावरून मडगावला नेऊन आणली, आणि परत आल्यावर घेतलेला थेंब मुळीच तडतडला नाही. गॅस्केट फुटलेले असते तर एका प्रवासाने ते पाणी सरले नसते.

हाफ इंजिन केले नाही. धूर थोडाच वेळ येतो आणि तोही पहिल्यांदा सुरू करतानाच, याचा अर्थ रात्रभरात व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून तेल खाली झिरपते, हे मत दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी कागद न पाहताच दिले आणि ते बरोबर ठरले. फिल्टर बदलला, टॅपेट कव्हरचे आणि संपचे गॅस्केट नव्याने बसवले, खरे २०डब्ल्यू-५० भरले. दुसरा कागद एप्रिल २०२३ मध्ये आला : १,९०० किलोमीटरला लोखंड २९, ॲल्युमिनियम ४, दाटपणा १७.६. सिलिकॉन मात्र ३४ वरून ४१. मी क्षणभर हादरलो. नवा फिल्टर असूनही धूळ वाढली कशी? पण ॲल्युमिनियम निम्म्याहून खाली आले होते, तेव्हा ही धूळ नव्हे. गॅस्केट बसवताना लावलेला सिलिकोनचा गोंद तेलात विरत होता. पुढच्या दोन कागदांत तो आकडा १९ आणि मग १४ झाला. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या कागदाबद्दल मात्र आहे. २०२३च्या पावसाळ्यानंतर काका फार खुशीत होते, कारण गाडी तेल पिईनाशी झाली होती. आधी दर हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर वरून घालावे लागे. आता डिपस्टिकवरची पातळी हलतच नव्हती. दिवाळीनंतर तर ती खुणेच्या किंचित वरच दिसू लागली. काकांनी वहीत लिहिले : "तेल पातळी उत्तम." मीही ते वाचून समाधानाने मान डोलावली. तेल वाढत नसते, एवढी साधी गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. मे २०२४च्या कागदावर दाटपणा ११.९ होता आणि फ्लॅश पॉइंट १५०. तेलातले पेट्रोल चार टक्क्यांहून जास्त. या वेळी दोन्ही ओळी एकाच सुरात बोलत होत्या. या वेळी कोऱ्या तेलाची बाटलीही माझ्या कपाटात होती. दोन वर्षांपूर्वी मी जे संकट चुकीने जाहीर केले होते, तेच आता खरोखर दारात उभे होते.

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या कुशीला बसवलेला असतो. कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो, दांड्याने रबरी डायफ्राम खालीवर होतो आणि टाकीतले पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ओढले जाते. या डायफ्रामला चीर पडली की पेट्रोल थेंबाथेंबाने सरळ संपमध्ये उतरते. कार्ब्युरेटरला पुरेसे मिळत राहते, त्यामुळे गाडी चालताना काही जाणवत नाही. जळून जाणाऱ्या तेलाची जागा पेट्रोल भरून काढते, त्यामुळे पातळीही सांगत नाही. पंप उघडला तेव्हा डायफ्राम कडक होऊन घडीवर फाटलेला निघाला. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही आणि आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. ज्या काळात ही गाडी घडली, त्या काळात पेट्रोलमध्ये शिसे घालत. देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले ते फेब्रुवारी २००० मध्ये. १९९० साली कोणी या गाडीचे तेल तपासले असते तर शिसे हजारोंच्या घरात आले असते आणि त्यातला बेअरिंगांचा वाटा त्या गर्दीत शोधूनही सापडला नसता. आज ते ८ आले तर मी तासभर विचार करतो.

डायफ्राम नवा घालताना काका पंपाजवळ वाकून उभे होते. मेस्त्रींनी डिपस्टिक काढून त्यांच्या नाकाशी धरली आणि म्हणाले, पेट्रोलचा वास येतो ना? येत होता, मला चार हातांवर येत होता. काकांनी दोनदा हुंगले आणि काही न बोलता डिपस्टिक माझ्याकडे दिली. २०२१च्या उन्हाळ्यात त्यांना कोविड झाला होता आणि त्यानंतर त्यांचे नाक पूर्ववत झालेले नाही. मोगऱ्याचा वास येत नाही, हे त्यांनी घरात एकदा सांगितले होते. काकूंनी आमटी जळल्यावरून त्यांना चिडवलेही होते. पण रोज सकाळी डिपस्टिक पुसल्यावर ते ती नाकाजवळ नेत राहिले आणि आम्ही कोणी त्यांना विचारले नाही की आता त्यात त्यांना काय कळते. आधी कळत असे. १९९७ मध्ये याच पंपाचा डायफ्राम गेला होता. ते पान मी वहीत शोधून काढले : "तेलास पेट्रोलचा वास. पंप उघडला. डायफ्राम बदलला." कागद नाही, फ्लॅश पॉइंट नाही. गळतीचा तिसरा की चौथा दिवस असावा.

त्या दिवसापासून बाटलीवरची चिठ्ठी काका स्वतः लिहितात. नमुना कसा घ्यायचा, याचीही त्यांनी रीत बसवली आहे : गाडी अर्धा तास चालवून आणायची, तेल गरम असतानाच ड्रेनचा नट काढायचा, पहिली धार जाऊ द्यायची, मधल्या धारेखाली बाटली धरायची, तळाचा गाळ घ्यायचा नाही. चिठ्ठीवर गाडीचे एकूण किलोमीटर, या तेलाचे किलोमीटर, आणि मध्ये किती तेल वरून घातले ते. ही शेवटची नोंद मी त्यांच्याकडून भांडून मिळवली आहे, कारण वरून घातलेले नवे तेल सगळ्या धातूंचे प्रमाण पातळ करते. जे इंजिन भरपूर तेल पिते, त्याचा कागद म्हणूनच कधीकधी उगाच सुंदर दिसतो. त्यांना मात्र गाडी तेल पिते हे परक्या माणसाला लिहून कळवणे अपमानाचे वाटत असे.

चौथा कागद २०२५ मध्ये आला. १,८०० किलोमीटरला लोखंड २४, सिलिकॉन १४, दाटपणा १७.४, शिसे ५. एकाही चौकटीत पिवळा रंग नाही. काका खूश झाले. मी झालो नाही. चारही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि तांब्याची ओळ वाचली : ११, १४, १९, २४. दर हजार किलोमीटरला मांडले तर पाचच्या खालून तेराच्या वर. एकेकटा आकडा निरुपद्रवी आहे आणि म्हणून संगणकाने त्याला कधी रंग दिला नाही. त्याला प्रत्येक कागद पहिलाच असतो. शिसे तांब्याबरोबर चढलेले नाही, तेव्हा मुख्य बेअरिंगे नसावीत. कथील मात्र १ वरून ३ झाले आहे, आणि तांबे व कथील मिळून ब्राँझ होते. तेव्हा माझा संशय कनेक्टिंग रॉडच्या वरच्या, पिस्टनकडच्या टोकातल्या बुशांवर, म्हणजे पिस्टनची पिन ज्यात बसते त्या ब्राँझच्या नळकांड्यांवर, आहे. पितळेचा एखादा भाग झिजत असेल तर त्याचे जस्त दिसायला हवे, पण ते दिसणार नाही, कारण तेलातच झीजरोधक म्हणून शेकडो पीपीएम जस्त मुद्दाम घातलेले असते.

मेस्त्रींना मी हे सांगितले. त्यांनी बॉनेट उघडून, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून, मूठ कानाशी धरून बराच वेळ ऐकले. पिस्टनची पिन ढिली झाली की रिकामे इंजिन चालताना दुहेरी टकटक येते, ती येत नाही, असे त्यांचे मत पडले. काकांच्या मते जोवर आवाज नाही तोवर उघडायचे नाही. माझ्या मते आवाज यायच्या आधी कळावे म्हणूनच तर हा सगळा उद्योग. पुढची बाटली गणेश चवथीच्या आधी भरायची ठरली आहे. त्याआधी अनमोड घाट चढून बेळगावपर्यंत एक लांब फेरी मारायची, म्हणजे तेल नीट तापेल आणि चढावर बुशांवर भारही येईल. चिठ्ठी काकांनी आताच लिहून ठेवली आहे. किलोमीटरची जागा तेवढी कोरी आहे.